बैलाला विचारून बैल घेत नाहीत

तुमच्या माघारी तुमच्या गावच्या स्टँडवर तुमच्याबद्दल काय बोलतात, हे तुम्हाला माहीत आहे का? अंदाज सांगू नका. अंदाज सगळ्यांकडे असतो आणि तो नेहमी स्वतःच्याच बाजूचा असतो. मी विचारते आहे ते वेगळं. तुम्ही कधी माणूस पाठवून स्वतःची चौकशी करवली आहे का? सोयरिकीच्या आधी करतात तशी?

मला असा एक माणूस माहीत आहे, जो दर दिवाळीच्या आधी स्वतःची चौकशी करवून घ्यायचा. केजमध्ये मी त्याच्या घरात भाड्यानं राहते. सगळी आळी त्याला आप्पा म्हणते, म्हणून मीही आप्पाच म्हणते.

आमच्या बीड जिल्ह्यात लग्न जमवताना पत्रिका नंतर बघतात, चौकशी आधी होते. पोरीकडचा एखादा मामा ओळख न देता पोराच्या गावात उतरतो, चहाच्या हॉटेलात बसतो आणि सहज विचारल्यासारखं विचारतो, "ते अमक्याचं पोरगं कसं काय हाय?" हा कोण आणि कशाला आला आहे हे हॉटेलवाल्यानं तो जीपमधून उतरतानाच ओळखलेलं असतं. तरी दोघंही ते नाटक नीट पार पाडतात. कुणाचं लग्न मोडायचं पाप नको म्हणून गाव शक्यतो चांगलंच सांगतं. दारूडा असेल तर "हौशी हाय" म्हणतं. ऐकणारा मामाही कच्चा नसतो. तो शब्द ऐकत नाही, सांगणारा कुठं अडखळला ते ऐकतो.

आप्पांचं म्हणणं असं की ही इतकी चांगली पद्धत फक्त लग्नासाठी वाया का घालवायची? त्यांनी आयुष्यभर नेकनूरच्या बैलबाजारात दलाली केली. दस्तीखाली, म्हणजे रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून सौदे जमवले. त्या धंद्यातून त्यांनी एक वाक्य आणलं होतं आणि ते सकाळ-संध्याकाळ आम्हा भाडेकरूंच्या अंगावर यायचं.

"बैलाला इचारून बैल घेत न्हाईत, पोरी!"

म्हणजे मी मोठा, मी शहाणा, मी तत्त्वाची, हे बैलाचं हंबरणं झालं. दात बघणारा दुसराच असतो.

मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं आणि "आठ दिसांनी ये" म्हणून दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. आमचं गाव पाटोद्याकडचं. आईचा आवाज इतका गोड झालेला मी आधी कधी ऐकला नव्हता.

"अगं, केजचं स्थळ आलं म्हणं तुला! सांगितलं न्हाईस ते? सोताचं घर हाय, चार खोल्या भाड्यानं दिल्यात. स्टँडवर मानूस येऊन चौकशी करून गेला. तुझ्या चुलतीनं तर पेढं सांगितलं बी!"

"आई, ते स्थळ नाही."

"लाजतीस काय? पोरगा काय करतो?"

"आई, पोरगा सत्तरीचा आहे. आणि त्याला मला खोली द्यायची आहे."

मग आई म्हणाली, "पेढ्याचं काय करू मग?"

मी तावातावानं केजला गेले. परक्या मुलीच्या गावात जाऊन तिच्या चारित्र्याची उलटतपासणी करणं हा कुठला न्याय, असं एक अख्खं भाषण जिभेवर तयार होतं. मी अशा घरातली आहे, जिथं पत्रकांचे गठ्ठे पाळण्याखाली ठेवलेले असायचे. वडील मजुरांच्या संघटनेत होते. मी अक्षरं शिकले ती 'जागे व्हा' या मथळ्यावरून. लहानपणी माझी साधी वाक्यंसुद्धा उद्गारचिन्हानं संपायची, पाणी मागतानाही. आता मी टायपिंगच्या दुकानात काम करते आणि संध्याकाळी स्वतःची पत्रकं लिहिते. दुसऱ्याच्या डोळ्यानं स्वतःला बघणं ही गुलामगिरी आहे, असं मी एका पत्रकात लिहिलंही होतं.

भाषण सुरू व्हायच्या आत आप्पांनी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली.

"तुझ्या गावचं मत लई चांगलं हाय. म्हनं पोरगी पत्रकं वाटती, पर हातात देती. बाकीच्यावानी फेकत न्हाई. घडी बी नीट घालती."

"आणि मजकूर? मजकुराबद्दल काय म्हणाले?"

"मजकूर कुणी वाचलाय!"

मी गावाला पेटवते आहे असं मला वाटत होतं. गावाच्या लेखी मी घड्या नीट घालणारी मुलगी होते. त्या दिवशी मला आप्पांचा राग आला, तो राग आठवडाभर टिकला आणि त्यानंतर माझं त्यांच्याशी जमलं.

आप्पांची स्वतःबद्दलची खात्री एकच होती. आपण भयंकर कडक माणूस आहोत. झुबकेदार मिशा, बंद गळ्याचा कोट, हातात काठी. राग आला की ते आधी कोटाची बटणं लावायचे आणि मग ओरडायचे. त्यामुळे आम्हाला गच्चीवरचे कपडे काढून आत जायला पुरेसा वेळ मिळायचा. "खोली खाली कर!" हे वाक्य मी त्या घरात इतक्यांदा ऐकलं आहे, की ते मला रामरामासारखं वाटायला लागलं. त्या घरातून त्यांनी आजवर एकाही माणसाला काढलेलं नाही. मांजराला काढलं होतं. ते संध्याकाळी परत आलं तेव्हा आप्पा त्याच्यावर ओरडत होते, "कुठं गेलतास रे दिसभर?" आणि आप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, बशीत दूध ओतत होत्या.

माझ्या शेजारच्या खोलीत नर्सिंगच्या तिघी मुली राहायच्या. त्या फार हसायच्या. आप्पांनी जिन्याच्या भिंतीवर लाल रंगानं लिहून टाकलं, 'येथे मोठ्याने हसू नये. हुकुमावरून.' पुढे त्यांची परीक्षा आली, खोलीतून आवाज येईनासा झाला. दोन दिवस आप्पा जिन्यात येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी कोटाची बटणं लावून त्यांनी दारावर काठी आपटली.

"कोन मेलं का काय आत? हसत कावून न्हाईत?"

मुली घाबरल्याच नाहीत. एक म्हणाली, "आप्पा, भिंतीवर लिहिलंय ना."

"ते लिव्हलंय जोरात हसू नका म्हनून. हळू हसा म्हनून बी सांगाया पायजे का!"

आणि खाली जाऊन काकूंना म्हणाले, "बघितलंस? एक शब्द टाकला की पोरी चिडीचूप. धाक लागतो घरात." काकूंनी पोळी उलटवली आणि माझ्याकडे बघितलंही नाही. त्या घरात कुणी कुणाकडे बघायचं नाही, असा एक नियम होता. बघितलं की हसू फुटायचं.

तर ही दिवाळीआधीची चौकशी. आप्पांचं मूळ गाव केज आणि नेकनूरच्या मधलं, रस्त्यापासून थोडं आत. दर वर्षी ते एका भाडेकरूला जीपचं भाडं देऊन तिथं पाठवायचे. त्यानं सोयऱ्याचं सोंग घ्यायचं, हॉटेलात बसायचं, आप्पांबद्दल विचारायचं आणि ऐकलं ते जसंच्या तसं येऊन सांगायचं. दर वर्षी उत्तर एकच यायचं. लई कडक माणूस. वाघ. समोर उभं राहायची टाप नाही कुणाची. ते ऐकून आप्पा खोटं खोटं उसासायचे. "जरा जास्तच टरकत्यात लोकं," म्हणायचे, आणि त्या रात्री आम्हा सगळ्यांना त्यांच्याकडे पुरणाचं जेवण असायचं.

मागच्या वर्षी ही पाळी माझ्यावर आली, आणि नेमक्या त्याच वेळी गावातून एक निरोपही आला.

आप्पांच्या भावकीतले दोन सख्खे भाऊ. दोघांत एक सामाईक विहीर, तिच्यावर एक मोटर. थोरला आणि त्याची बायको दर वर्षी ऊसतोडीला जातात. मागं राहते म्हातारी आई आणि रानातली ज्वारी. धाकटा गावातच असतो. काहीतरी बोलाचाली झाली आणि धाकट्यानं मोटरच्या पेटीला कुलूप घालून किल्ली स्वतःच्या कमरेला बांधली. तोडीची गाडी यायला थोडेच दिवस राहिले होते. तोवर पाण्याच्या पाळ्या ठरल्या नाहीत, तर थोरल्याची ज्वारी उभ्यानं वाळणार होती. भांडायला थोरला तिथं नसणार आणि म्हातारीचं कुणी ऐकणार नाही. गावात पुढारी पुष्कळ आहेत, पण प्रत्येक पुढारी कुणाचा तरी आहे. दोन्ही भाऊ एकाच नावावर राजी झाले होते, आप्पा.

आप्पा खुलले. लगेच गंभीरही झाले.

"घर वाटलं तवा मीच वाटून दिलतं ह्यांचं. एक आवाज टाकला, दोघं गार. पर त्याला लई सालं झाली. आता धाक ऱ्हायलाय का न्हाई, ते बघाया पायजे. जा पोरी, इचारून ये. धाक असंल तर मी जातो. नसंल तर फुकटचा फजिता कशाला?"

मी म्हटलं, "जाईन. पण सोंग घेणार नाही. मी कोण, कुणी पाठवलं, ते सांगूनच विचारीन."

"मग कोन खरं सांगल तुला?"

"बघू."

काळीपिवळी जीपमधून उतरले आणि समोरच्या हॉटेलात जाऊन मी सरळ सांगितलं, "मी आप्पांची भाडेकरू. तुम्हाला ते कसे वाटतात हे विचारायला त्यांनीच मला पाठवलं आहे."

हॉटेलवाला चहा गाळत होता. त्यानं भांडं खाली ठेवलं आणि इतक्या जोरात हसला, की बाकावर झोपलेला एक म्हातारा उठून बसला.

"खरं सांगून इचारनारी तूच पैली गं बाई! मागल्या साली एक पोरगं आलतं. म्हनं, आप्पाच्या नातवाला आमची पोरगी द्यायचीय. आवं, आप्पाचा नातू पाचवीला हाय!"

"मग तुम्ही काय सांगितलं त्याला?"

"काय सांगनार? ठरलेलंच हाय. कुनी बी आलं की म्हनायचं, लई कडक, लई खडूस, वाघ मानूस. त्याच्या आदल्या साली आलता त्याला बी तेच सांगितलं. म्हातारा खूश, आमी बी खूश."

"म्हणजे गावात कुणी त्यांना भीत नाही?"

बाकावरचा म्हातारा म्हणाला, "आप्पाला? बाजारात सगळ्यांला म्हाईत हाय. सौदा मोडायचा आसंल तर आप्पाम्होरं डोळ्याला पदर लाव. बैल इकनारीन रडली, की आप्पा तिच्यावरच खेकसनार, 'न्हाई इकायचा तर आनलास कावून?' आन दावं तिच्याच हातात देनार. आमी म्हनायचो, ह्यो दलाल हाय का ह्यो बैलाचा मामा हाय?"

सगळे हसले. त्या हसण्यात टिंगल होती, पण विखार नव्हता. मी हसले नाही. मला दिसत होतं, की एवढ्या वर्षांत आप्पांपर्यंत खरं पोचू नये म्हणून एक अख्खं गाव कामाला लागलं होतं. माझ्यासारखीला हे सहन होणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात हॉटेलासमोर एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात विळा. ती थोरल्या भावाची बायको. गावात तिला सगळे थोरलीच म्हणतात. आप्पांकडून कुणीतरी आलं आहे हे तिला रानात कळलं होतं. ती मला बाजूला घेऊन गेली.

"येत्यात ना आप्पा?"

"धाक असेल तर येणार म्हणाले."

"धाक!" तिनं कपाळाला हात लावला. "आगं, घर वाटलं तवा दुपारपस्तोर वरडत होते. कुनी ऐकलं न्हाई. मग मधल्या भिंतीला हात लावून बसले आन रडाया लागले. ह्या दोघांला लहानपनी बैलावर बसवून बाजाराला न्यायचे ते. म्हातारं मानूस आसं रडताना बघून दोघं बी लाजले. म्हनले, आप्पा, तुमी म्हनताल तसं. आसा झालता तो फैसला. आवाजानं न्हाई."

"हे मला त्यांना सांगावं लागेल."

तिचा चेहरा उतरला. "सांगू नको बाई. रुसतील. यायचे न्हाईत."

"मी खोटं बोलत नाही."

"खोटं बोल म्हनतंय कोन? गप ऱ्हा म्हनतीया."

"गप्प राहणं हेही खोटंच असतं."

हे माझ्याच एका पत्रकातलं वाक्य होतं. चांगलं होतं, पण थोरलीवर त्याचा काही परिणाम झाला नाही. तिनं विळा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"बरं. गाडी आली की मी जानार. माझी जवारी वाळाया लागली, की तुझं खरं येऊन तिला पानी पाजील का?"

ज्वारीला पाणी पाजणारं वाक्य माझ्या कुठल्याच पत्रकात नव्हतं.

परत येताना जीपमध्ये मी भांडत राहिले, माझ्याशीच. एका बाजूला थोरलीची ज्वारी. दुसऱ्या बाजूला एक म्हातारा, ज्याला सगळं गाव बोलावतं आणि का बोलावतं हे फक्त त्यालाच माहीत नाही. 'वाघ' एवढं म्हटलं की काम होणार होतं. पण आप्पांनी मला ऐकून यायला पाठवलं होतं, सोयीचं निवडायला नाही. आणि दुसरं असं, की गाव त्यांच्याबद्दल जे बोललं, ते मला 'वाघ' यापेक्षा किती तरी मोठं वाटलं. ते त्यांच्यापासून लपवायचा हक्क कुणाला होता? मी ठरवलं, सांगायचं. सगळं. एक शब्द न गाळता.

आणि मी सांगितलं. हॉटेल, हसणं, दर वर्षीचं ठरलेलं उत्तर, बैलाचा मामा, मधली भिंत. आप्पा ऐकत होते. मी शेवटी म्हटलं, "आप्पा, तुमचा धाक कुणालाच नाही. लोक तुमच्यावर जीव टाकतात."

त्यांनी कोटाची बटणं लावली. मी तयार राहिले. पण ते ओरडलेच नाहीत.

मग म्हणाले, "जीव टाकत्यात. म्हंजे हसत्यात."

"हसतात. आणि जीवही टाकतात. दोन्ही."

"मी रडलो म्हनली ती?"

"हो."

"खोटं हाय. डोळ्यात भुसा गेलता. भिंतीपाशी कडब्याची गंजी होती."

"घराच्या आत?"

ते उठून आत गेले. काकू बाहेर आल्या आणि माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "चहा घेतला न्हाई त्यांनी. लगीन झाल्यापासून पैल्यांदा." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या दाराकडे बघत होत्या. मला वाटलं, झालं. ज्वारी गेली. माझ्या खऱ्याला पाणी पाजता येत नव्हतं, हे थोरलीनं आधीच सांगितलं होतं.

सकाळी दारावर काठी आपटली. आप्पा उभे होते. कोटाची सगळी बटणं लावलेली, मिशांना तेल.

"चल."

"कुठं?"

"गावाकडं. तूच साक्षीदार. मी रडतो म्हनत्यात काय? एक टिपूस पडला तर मिशी उतरवीन. धाकानंच फैसला करून दावतो."

जीपमध्ये ते मधूनच डोळे गच्च मिटून उघडत होते, सराव केल्यासारखे.

बैठक विहिरीवरच होती. मोटरच्या पेटीपाशी पाण्याचे पाईप पडले होते, त्यावर माणसं बसली. थोरला एका टोकाला, धाकटा दुसऱ्या टोकाला. म्हातारी आई मधे, जमिनीवर. आप्पांनी सुरुवातच मोठ्या आवाजात केली. भाऊ म्हणजे काय, पाणी म्हणजे काय, किल्ली कमरेला बांधणाऱ्याची अक्कल कुठं बांधली आहे, सगळं काढलं. माणसांनी माना खाली घातल्या. मी त्यांच्या खांद्यांकडे बघत होते. खांदे हलत होते.

धाकटा म्हणाला, "किल्ली देनार न्हाई. सालभर मीच मोटर दुरुस्त करायची आन पाळी ह्याची?"

थोरला म्हणाला, "तू दुरुस्त करतो का बिघडवतो बे?"

पुन्हा सुरू झालं. आप्पांनी काठी आपटली. कुणी ऐकलं नाही. ऊन वर आलं. थोरली विहिरीच्या पलीकडे उभी होती. तिनं एकदाच माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला सांगायची गरज नव्हती. सांगितलंस ना? भोग आता.

कारण आप्पा रडत नव्हते. त्यांनी स्वतःला असं काही आवळून धरलं होतं, की बघवत नव्हतं. म्हातारी एकदा म्हणाली, "माझ्या माघारी मारामाऱ्या करताल रे," तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला, मिशी थरथरायला लागली. त्यांनी पाणी मागितलं. प्यायले. अजून मागितलं. ते प्यायले. बोलायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना, म्हणून पुन्हा तांब्या पुढे केला. आकाशाकडे बघितलं. मग विहिरीत बघितलं. आत कितीतरी वेळ बघत राहिले. भांडण हळूहळू थांबलं. दोघं भाऊ आता एकमेकांकडे बघत नव्हते, आप्पांकडे बघत होते.

धाकटा घाबरून उठला. "आप्पा, बरं वाटंना का?"

आप्पांनी मानेनंच नाही म्हटलं. घशातून कसलासा आवाज आला.

थोरला म्हणाला, "बघ बे, काय केलंस म्हाताऱ्याचं!"

"म्या काय केलं? आप्पा, आवं, काय हुतंय तुमाला?" धाकटा त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला. मग त्याला एकदम कळलं. "आप्पा, तुमी रडू दाबताय का काय? आवं रडा की एकदाचं! जीव जाईल आसा! हे घ्या, हे घ्या किल्ली, पर रडा!"

त्यानं कमरेचा दोरा तोडून किल्ली त्यांच्या पायाशी टाकली.

आणि सगळी विहीर हसली. खाली घातलेल्या माना वर आल्या. म्हातारी पदरात तोंड लपवून हसत होती. थोरला हसता हसता पाईपवरून घसरला आणि धाकट्यानंच त्याला दंडाला धरून वर ओढलं. हात धरल्यावर दोघांनाही कळलं की काय झालं, पण आता सोडायचा कसा, म्हणून तसेच धरून राहिले.

आप्पा हसले नाहीत. रडलेही नाहीत. त्यांनी किल्ली उचलली, म्हातारीच्या हातात दिली आणि फाटलेल्या आवाजात निकाल सांगितला. "आठ दिस ह्याचं पानी, आठ दिस त्याचं. किल्ली आईकडं. पेटीला आईबिगर कुनी हात लावायचा न्हाई. दुरुस्तीला दोघांनी ऱ्हायाचं. खलास."

दोघा भावांनी माना हलवल्या. थोरलीनं पलीकडूनच डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि या वेळी माझ्याकडे बघितलं तेव्हा तिलाही हसू आवरत नव्हतं.

केजला येईपर्यंत आप्पांची छाती कोटात मावत नव्हती. घरात शिरताच काकूंना म्हणाले, "इचार हिला. एक टिपूस पडला का? किल्ली पायाशी टाकली त्यानं. पायाशी! ह्याला म्हनत्यात धाक." मग माझ्याकडे वळले. "तुझी चौकशी चुकली पोरी. लिही तुझ्या पत्रकात, म्हातारा रडला न्हाई."

लिहिते आहे. म्हातारा रडला नाही, हे अक्षर न् अक्षर खरं आहे. किल्ली पायाशी पडली, हेही खरं. बाकीचं मी जसं बघितलं तसं वर लिहिलं आहे. आप्पांना हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी बटणं लावली आणि मला खोली खाली करायला सांगितली.

थोरल्याची गाडी ठरल्या दिवशी आली, ते दोघं तोडीला गेले. म्हातारी आठ-आठ दिवसांनी पेटी उघडत राहिली. ज्वारी चांगली झाली. हुरडा खायला धाकट्यानं आप्पांना गावाकडे नेलं होतं. यंदा दिवाळी जवळ आली तरी आप्पांनी कुणाला चौकशीला पाठवलं नाही. मी विचारलं, "कावून?" तर म्हणाले, "आता काय इचारायचं ऱ्हायलंय?" आणि मांजरावर ओरडायला निघून गेले. पुरणाचं जेवण मात्र झालं.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेलच. वाद मिटवायला, लग्न जमवायला, मयताला खांदा द्यायला लोक त्यालाच बोलावतात, आणि आपल्याला भलत्याच कारणासाठी बोलावतात असं त्याला वाटतं. उद्या चौकात त्याच्या फोटोचा बॅनर लागेल, खाली भावपूर्ण श्रद्धांजली, आणि मग सगळे त्याच्याबद्दल खरं बोलायला लागतील. तेव्हा त्याला त्याचा काही उपयोग नाही. तुम्ही आजच जा. फोन करू नका. समोर बसा, आणि आम्ही तुम्हाला का बोलावतो ते त्याच्या तोंडावर सांगा. तो भांडेल. भांडू द्या. चहा झाल्याशिवाय उठू नका.